जुन्या रॅमशेजारी दुसऱ्या कंपनीची रॅम लावली तर चालते का?

कॉम्प्युटर स्लो झाला की सल्ला ठरलेला असतो : रॅम वाढवा. जुनी आहे ती राहू द्या, शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये अजून एक टाका. मग प्रश्न येतो, जुनी रॅम एका कंपनीची आणि नवी दुसऱ्या कंपनीची असेल तर चालेल का? दुकानदार म्हणतो, "चालतंय की, काही होत नाही." यूट्यूबवरचा माणूस म्हणतो, "चुकूनही असं करू नका."

खरं तर दोघंही अर्धंच सांगतात.

थोडक्यात उत्तर असं आहे : दोन्ही रॅम एकाच पिढीच्या असतील, तर बहुतेक वेळा कॉम्प्युटर सुरू होतो. पण दोन्ही रॅम त्यातल्या हळू रॅमच्या चालीने चालतात. आणि कॉम्प्युटर सुरू झाला म्हणजे तो नीट चालतोय, असा अर्थ होत नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण यात पैशांपेक्षा तुमचं काम आणि तुमच्या फायली पणाला लागलेल्या असतात.

हा प्रश्न आत्ताच का?

दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी कागदावर ४ जीबी रॅम पुरते, पण ४ जीबीवर ब्राउझरचे चार टॅब उघडले की काय होतं, हे वापरणाऱ्याला चांगलंच माहीत आहे. त्यामुळे अनेकांनी जुन्याच मशीनमध्ये रॅम वाढवायचं ठरवलं.

दुसरं कारण भावाचं. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर झपाट्याने वाढले. कित्येक किटचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन कंपनीने तर 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या कितीतरी असेंबल केलेल्या पीसींमध्ये हीच रॅम बसलेली आहे. म्हणजे 'जुन्यासारखीच हुबेहूब दुसरी आणू' म्हटलं, तरी ती मिळेलच असं नाही.

साहजिकच लोक जुनी ठेवून, मिळेल ती दुसरी लावतात.

रेणापुरात बसून हा हिशोब वेगळा का होतो?

रेणापूर हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, लातूरपासून वीसेक किलोमीटरवर. अशा गावात डेस्कटॉप फक्त गेम खेळायला नसतो. आपले सरकार सेवा केंद्र, एमएस-सीआयटीचा क्लास, फोटो स्टुडिओ, झेरॉक्सचं दुकान, अडत दुकानाचा हिशोब, हे सगळं त्याच्यावर चालतं. खरीप पीक विम्याची मुदत साधारण जुलैअखेर असते. शेवटच्या दोन दिवसांत सेवा केंद्राबाहेर रांग असते आणि त्याच वेळी मशीनची निळी स्क्रीन आली, तर नुकसान फक्त मशीनवाल्याचं होत नाही.

पार्ट घ्यायचे तर लातूर गाठायचं, नाहीतर पुणे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइन. चुकीची रॅम आली तर ती परत करण्यात वेळ जातो आणि भाडंही. म्हणून खरेदीआधी दहा मिनिटं घालवलेली बरी.

आधी पिढी बघा, कंपनी नंतर

रॅमच्या पिढ्या असतात : डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५. डीडीआर३ बाजारात आली २००७ मध्ये, डीडीआर४ २०१४ मध्ये, आणि डीडीआर५ चं मानक २०२० मध्ये जाहीर झालं. या तिघी एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ ला प्रत्येकी २८८ पिना असल्या तरी खाच जुळत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. स्लॉट तुटला तर मदरबोर्ड गेला.

तुमच्या मशीनला कोणती पिढी लागते, याचा ढोबळ अंदाज प्रोसेसरवरून येतो :

- इंटेल दुसरी, तिसरी, चौथी जनरेशन : डीडीआर३
- इंटेल सहावी, सातवी : बहुतेक डीडीआर४, काही बोर्डवर कमी व्होल्टेजची डीडीआर३
- इंटेल आठवी ते अकरावी : जवळपास सगळीकडे डीडीआर४
- इंटेल बारावी ते चौदावी : डीडीआर४ किंवा डीडीआर५, बोर्डवर अवलंबून
- एएमडी रायझन १००० ते ५०००, एएम४ सॉकेट : डीडीआर४
- एएमडी रायझन ७००० आणि पुढे, एएम५ सॉकेट : डीडीआर५

जुना माल घेताना आणखी दोन गोष्टी तपासा. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम स्वस्तात मिळते, पण साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. आणि डीडीआर३ मध्ये 'फक्त एएमडीसाठी' अशी स्वस्त रॅम विकली जाते, ती इंटेलच्या बोर्डवर लावली की डिस्प्लेच येत नाही.

'कंपनी वेगळी' हा खरा प्रश्नच नाही

रॅमच्या काडीवर नाव असतं कॉर्सेर, किंग्स्टन, एडेटा किंवा जी.स्किल. पण त्यावरच्या काळ्या चिप बहुतेक वेळा या कंपन्या स्वतः बनवत नाहीत. जगातल्या बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांच्या कारखान्यांत तयार होतात.

यातून दोन गमतीशीर गोष्टी निघतात.

एक, दोन वेगळ्या नावांच्या रॅममध्ये आत एकाच कारखान्याच्या चिप असू शकतात आणि त्या छान जमून जातात.

दोन, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रॅममध्ये वेगळ्या कारखान्याच्या चिप असू शकतात. तुम्ही २०२१ मध्ये घेतलेली आणि आज घेतलेली रॅम बाहेरून सारखी दिसेल, बिलावर नाव तेच असेल, पण आतला माल बदललेला असेल. कॉर्सेरच्या स्टिकरवर तर यासाठी वेगळा व्हर्जन नंबर छापलेला असतो.

म्हणून 'त्याच कंपनीची घेतली, आता टेन्शन नाही' हे जितकं चुकीचं, तितकंच 'कंपनी वेगळी, म्हणजे बिघडणारच' हेही.

मग 'किट' म्हणून जास्त पैसे कशाचे घेतात?

दोन काड्या एकाच डब्यात येतात, तेव्हा त्या दोन्ही एकत्र लावून, लिहिलेल्या वेगाला तपासलेल्या असतात. कंपनी हमी देते ती त्या जोडीची. उद्या तुम्ही तसाच दुसरा डबा आणून चार काड्या लावल्या, तर चौघी एकत्र चालतील याची तपासणी कोणी केलेली नसते. म्हणूनच जी.स्किल आणि कॉर्सेरसारख्या कंपन्या वेगवेगळी किट मिसळू नका, असं सांगतात.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. देवणी बैल दमदार, लाल कंधारीही दमदार. पण दोघांना एका जुवाला जुंपलं तर औत चालणार कमी चालीच्या बैलाच्या चालीने, आणि जोडी जुळली नाही तर तास वाकडं जाणार. रॅमचंही तसंच आहे.

वेग वेगळा असेल तर नेमकं काय होतं?

प्रत्येक रॅमवर एक छोटी चिप असते. तिच्यात त्या रॅमची माहिती लिहिलेली असते : क्षमता, वेग, व्होल्टेज, टायमिंग. कॉम्प्युटर सुरू होताना बायोस ती वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा आकडा ठरवतो.

समजा, जुनी रॅम २४०० ची आहे आणि नवी ३२०० ची. दोन्ही २४०० वर चालतील. ३२०० साठी दिलेले जादा पैसे वाया गेले, एवढंच. कधीकधी तर प्रोसेसरच मर्यादा घालतो. इंटेलचा आय३-१०१०० डीडीआर४ ला अधिकृतपणे २६६६ पर्यंतच वेग देतो. त्याच्यासाठी ३२०० ची रॅम शोधत फिरायची गरज नाही.

आता टायमिंग. स्टिकरवर 'सीएल १६' किंवा 'सीएल २२' असं लिहिलेलं असतं. मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते, तो हा आकडा. ३२०० वेगाला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, आणि सीएल २२ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. वेग एकच लिहिलेला असूनही दोघींच्या प्रतिसादात हा फरक असतो. दोघी एकत्र आल्या की सैल टायमिंग दोघींना लागू होतं.

खरी गडबड होते ती एक्सएमपी चालू असताना. एएमडीच्या नव्या बोर्डवर त्याला एक्स्पो म्हणतात. ही सेटिंग म्हणजे कंपनीने रॅमला दिलेला वाढीव वेग. जुन्या आणि नव्या रॅमचे हे प्रोफाइल वेगळे असतात, आणि बोर्ड एकीचं प्रोफाइल दोघींवर लादू शकतो. एकीला तो वेग झेपतो, दुसरीला नाही. मग मशीन कधी सुरू होतं, कधी होत नाही.

४ जीबी आणि ८ जीबी एकत्र लावले तर?

चालतात. एकूण १२ जीबी मिळते. फक्त दोन्ही सारख्या क्षमतेच्या असल्या की जो फायदा होतो, तो पूर्ण मिळत नाही.

दोन रॅम दोन चॅनेलवर असल्या की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो. ३२०० च्या एका काडीची कमाल गती सेकंदाला २५.६ जीबी, दोघींची मिळून ५१.२ जीबी. याला ड्युअल चॅनेल म्हणतात. ४ आणि ८ ची जोडी असेल तर इंटेलच्या मशीनवर पहिले ४-४ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये चालतात आणि उरलेले ४ जीबी एकेरी.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर ड्युअल चॅनेलचा फायदा जास्त जाणवतो, कारण तिथे डिस्प्लेसाठीसुद्धा हीच रॅम वापरली जाते. ऑफिसचं काम, फॉर्म भरणं, ब्राउझर यासाठी मात्र १२ जीबी एकेरी-दुहेरी असली तरी ४ जीबीपेक्षा कितीतरी पटीने बरी.

चार काड्या लावायच्या असतील तर?

डीडीआर५ असेल तर विचार करा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन काड्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. किट एकच असो की वेगळी, भार वाढला की वेग पडतो. १६-१६ च्या दोन असताना आणखी दोन घालण्यापेक्षा, जुन्या विकून ३२-३२ ची जोडी घेणं तिथे जास्त शहाणपणाचं ठरतं.

बिघडलं तर कसं कळतं?

तीन प्रकार असतात.

पहिला : डिस्प्लेच येत नाही. पंखा फिरतो, बीप वाजतो किंवा तेही नाही. हा सगळ्यात सोपा प्रकार, कारण दोष लगेच कळतो.

दुसरा : मशीन चालू होतं, पण मधूनच निळी स्क्रीन येते किंवा आपोआप रिस्टार्ट होतं. निळ्या स्क्रीनवर 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा 'पेज फॉल्ट' असे शब्द दिसले तर रॅमवर संशय घ्या. अनेकजण इथे विंडोज फॉरमॅट मारतात. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

तिसरा : काहीच दिसत नाही. हाच सगळ्यात वाईट. रॅममध्ये साठवलेला एखादा बिट चुकतो आणि तो चुकीचा डेटाच हार्ड डिस्कवर सेव्ह होतो. फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी होतो. झिप फाइल उघडत नाही. पेन ड्राइव्हवर कॉपी केलेलं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही.

हे किती बारीक असू शकतं, त्याचं एक उदाहरण घ्या. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये इंग्रजी अंक १ आणि ९ यांच्या कोडमध्ये फक्त एका बिटचा फरक आहे. तो एक बिट उलटला, तर यादीतल्या खाते क्रमांकातला १ हा ९ होऊ शकतो. हे रोज होत नाही. पण झालं तर कॉम्प्युटर कसलीही सूचना देत नाही, कारण साध्या डेस्कटॉपला ते कळतच नाही.

मोठ्या कंपन्या याला हलक्यात घेत नाहीत. गूगलच्या सर्व्हरवरच्या रॅमचा एक अभ्यास टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकासोबत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅममध्ये चुका सापडल्या होत्या. त्या सर्व्हरवर चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम होती. आपल्या टेबलावरच्या मशीनमध्ये सहसा ती नसते. त्यात न जुळणारी जोडी लावून आपण चुकांची शक्यता आणखी वाढवायची नसते.

घ्यायच्या आधी काय बघायचं?

- टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. सध्याचा वेग आणि दोनपैकी किती स्लॉट भरलेत, ते तिथे दिसतं. रॅम आधीच अर्धी रिकामी असेल तर वाढवून उपयोग नाही. मशीनमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी टाका.
- सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या एसपीडी टॅबमध्ये रॅमचा पार्ट नंबर, टायमिंग आणि एक्सएमपी दिसतं. वेगाचा आकडा अर्धा दिसला तर घाबरू नका. ३२०० ची रॅम तिथे १६०० दिसते.
- स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढा आणि दुकानात तोच दाखवा. 'आठ जीबीची द्या' एवढं सांगणं पुरेसं नाही.
- जुळवायचा क्रम असा ठेवा : पिढी, व्होल्टेज, क्षमता, वेग, सीएल. स्टिकरवर '१आरएक्स८' किंवा '२आरएक्स८' असं असेल तर तेही जुळवा. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी.
- पक्कं बिल घ्या, आणि नाही चालली तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिसळायची असेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

लावताना आणि लावल्यावर

फायलींचा बॅकअप आधी घ्या. मग वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. जुन्या रॅमच्या सोनेरी पिनांवर काळपटपणा असेल तर खोडरबराने हलकं घासायचा दुकानातला उपाय चालतो, फक्त भुसा पुसून घ्या.

चार स्लॉटच्या बोर्डवर दोन रॅम लावताना बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत एकदा खात्री करा.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाईने बटण बंद करू नका.

सुरुवातीला एक्सएमपी बंदच ठेवा. आणि मग टेस्ट. मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करायचं. रात्री दुकान बंद करताना लावून द्या, सकाळपर्यंत निकाल येतो. मात्र वीज जाणार असेल तर यूपीएसच्या भरवशावर ते लावू नका, दिवसा लावा. पेन ड्राइव्हचा खटाटोप नको असेल तर विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' असतं. त्याची तपासणी तेवढी कडक नसते, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

निकाल वाचताना एकच नियम : एकही एरर चालत नाही. 'एकच तर आहे' असं इथे नसतं.

एरर आली तर?

आधी एकेक रॅम वेगवेगळी टेस्ट करा. एकटी नवी रॅमही एरर देत असेल, तर ती खराब आहे, बदलून घ्या. दोघी एकेकट्या पास आणि एकत्र नापास, तर जोडी जुळत नाही. मग बायोसमध्ये जाऊन वेग एक पायरी कमी करा, २६६६ वरून २४०० असा, आणि पुन्हा टेस्ट करा. फॉर्म भरणं, बिलिंग, टायपिंग या कामांत हा फरक हाताला जाणवत नाही.

तरीही जमलं नाही, तर जोडी मोडा. १६ जीबीची डळमळीत जोडी असण्यापेक्षा ८ जीबीची एकटी पण खात्रीची रॅम बरी.

मग मिसळावं की नाही?

घरचा पीसी, शिकणाऱ्या पोरांचा पीसी, क्लासमधलं एखादं मशीन, बजेट कमी आणि डीडीआर३ किंवा डीडीआर४ असेल, तर मिसळा. पिढी जुळवा, एक्सएमपी बंद ठेवा, टेस्ट करा.

ज्या मशीनवर दुसऱ्यांची कागदपत्रं, लग्नाचे फोटो किंवा वर्षाचा हिशोब आहे, तिथे शक्य असेल तर एकाच डब्यातली जोडी घ्या आणि जुनी रॅम विका किंवा दुसऱ्या मशीनला लावा. तेवढे पैसे नसतील तर मिसळा, पण टेस्ट पास झाल्याशिवाय त्या मशीनवर काम सुरू करू नका. आणि हे सगळं मुदतीच्या आठवड्यात करू नका. पीक विम्याची गर्दी जुलैअखेर असते, तर रॅम मे महिन्यातच लावून ठेवा, म्हणजे जोडी बिघडलीच तर ती बदलायला हातात वेळ असेल.